बारा फर्म्यांत बसवलेलं प्रेम

४ जून

खारू,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी खुशालीच्या आणि अडीच पानं त्या रक्तपिशाच्चाची! सहावा भाग बाजारात यायच्या आधी तुला वाचायचाय, म्हणून सख्ख्या मावशीने प्रकाशकाच्या टेबलावरून प्रूफं चोरून झेरॉक्स पाठवावी, असा एकूण बेत. प्रूफं माझ्याच टेबलावर आहेत. पाठवणार नाही.

तीस वर्षं मी लोकांच्या चुका काढून पोट भरतेय. शेतीची पुस्तकं तपासली, कुकरची माहितीपत्रकं तपासली, एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र तपासलं, पण हात धुवावेसे कधी वाटले नाहीत. ही 'अमर ओठ' मालिका आली आणि मी टेबलाच्या खणात साबण ठेवायला लागले. त्यातला तो रक्तपिशाच्च सरदार म्हणे तीनशे बारा वर्षांचा, आणि ती पोर बावीसची. हा तिच्या मानेचा वास घेतो. पहिल्या भागात तिच्या खिडकीखाली उभा राहतो, दुसऱ्यात घरच्यांनी एकदा 'ये' म्हटल्याचा फायदा घेऊन ती झोपलेली असताना खोलीत येऊन बसतो, तिसऱ्यात तिच्या मैत्रिणीला पळवून लावतो, आणि हे सगळं का, तर प्रेम! पाचही भाग मी ओळ न् ओळ वाचलेत. तीनशे वर्षांत त्याने एकदाही दात घासल्याचा उल्लेख नाही.

शी! आणि हे तू वाचतेस? रक्तपेढीत नोकरी करणारी, परीक्षा देऊन वर आलेली माझी भाची?

फोन कर म्हणतेस. छापखान्याच्या मशीनने माझा डावा कान केव्हाच खाल्लाय आणि उजव्याला फोनवरचं निम्मं कळतं. तू पत्रच लिही. तुझं अक्षर घाणेरडं असलं तरी माझ्या सवयीचं आहे.

मावशी


१५ जून

मावशी,

आधी नमस्कार घे, मग रागव.

तू चुका शोधायला वाचतेस, म्हणून तुला दात दिसतात. मी वाचते तेव्हा काय होतं सांगू? दिवसभर माझ्या हातात रक्त असतं. थंडगार, पिशवीत, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर गट आणि तारीख. पस्तीस दिवसांत कुणाला लागलं नाही की फेकून द्यायचं. कुणाचं कुणाला गेलं, कुणाला पत्ता नसतो. आणि संध्याकाळी खोलीवर येऊन पुस्तक उघडलं की तेच रक्त गरम असतं, आणि एका माणसाला ते एकाच मुलीचं हवं असतं. दुसऱ्या कुणाचं चालतच नाही त्याला. हस तू. पण मी आयुष्यभर 'चालेल' या सदरात आहे गं. शाळेच्या नाटकात चालेल, नोकरीला चालेल, सुट्टीच्या दिवशी ड्यूटीला बोलवायला तर हमखास चालेल. 'तूच हवीस' असं मला सव्वीस वर्षांत कुणी म्हटलेलं नव्हतं.

'नव्हतं' म्हणाले, बघितलंस का? आता म्हणतो एकजण. आमच्या शीतपेट्या दुरुस्त करायला येतो. चार अंशांवर काटा धरून ठेवणं हे त्याचं काम. मी त्याला पहिला भाग वाचायला दिला होता, गंमत म्हणून. दोन दिवसांत वाचून परत आणला आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या फुटपाथवर उभा! माझी ड्यूटी संपेपर्यंत चार तास. निरोप नाही, हाक नाही, नुसता उभा. माझे पाय लटपटले, खरं सांगते.

आईला आवडलाय. हातात कला आहे, व्यसन नाही, म्हणते. माझ्या खोलीतल्या जोडीदारणीला मात्र तो बघवत नाही. ती बसवर कंडक्टर आहे, तिला सगळेच विनातिकीट वाटतात.

सहावा भाग पाठव ना गं.

तुझी खारू


२२ जून

खारू,

फ्रीजवाला! मला वाटलं होतं, निदान एखादा वकील तरी पकडशील. असो. हातात कला असलेला माणूस वाईट नाही. पण बाई, माणसाला वाचायला द्यायचं तर फ्रीजचं माहितीपत्रक द्यावं. तू त्याला हे दिलंस, आणि त्याने ते माहितीपत्रकासारखंच वाचलं. आधी खिडकीखाली उभं राहा. मग पुढचं पान उलटा.

चार तास फुटपाथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीत दोनच गोष्टी विचारतात, कुणाला शोधताय आणि पोलिसांना बोलावू का. तुझे पाय लटपटले ते कशाने, याचा जरा नीट विचार कर. भीतीनेही लटपटतात.

आता एक कबूल करते आणि ते तू कंडक्टरणीलाही सांगायचं नाही. परवा सहाव्या भागाची प्रूफं बसमध्ये वाचत होते. सरदार तिला म्हणतो, 'तू नसलीस तर मला माझा चेहराही आठवत नाही.' बकवास वाक्य. आणि माझा स्टॉप गेला! दोन स्टॉप पुढे उतरून चालत आले आणि वाटभर स्वतःला शिव्या घातल्या. एकोणसाठाव्या वर्षी! तेव्हा तुला हे का आवडतं ते मला कळत नाही, असं समजू नकोस. चांगलं कळतं. म्हणूनच जास्त मळमळतं.

जोडीदारणीला दुखवू नकोस. विनातिकीट ओळखायला नजर लागते.

मावशी


९ जुलै

मावशी,

गडबडीत लिहितेय. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आहे, कारण उजवं मनगट शीतगृहाच्या दारात सापडलं. विशेष काही नाही.

जोडीदारीण खोली सोडून गेली. त्याचं आणि तिचं जमेना. तो म्हणाला, तिच्या डोळ्यांत तुझ्याबद्दल मत्सर आहे. मला तसं कधी दिसलं नव्हतं, पण एकदा सांगितल्यावर दिसायला लागलं.

बातमी अशी की ३१ तारखेला मी राजीनामा देतेय. त्याला दुसऱ्या गावी मोठ्या शीतगोदामाचं काम मिळालंय, कायमचं. लग्न करून एकदमच जायचं. रक्तपेढीत सगळे पुरुष डॉक्टर, सगळ्यांशी मला बोलावं लागतं, आणि त्याचा त्याला त्रास होतो. त्रास म्हणजे खरंच, जेवण जात नाही त्याला. माझ्यासाठी जेवण न जाणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय.

फोन आता त्याच्याकडेच असतो बहुतेक वेळा, त्यामुळे आईला सांग मी बरी आहे. पत्र रक्तपेढीच्या पत्त्यावर टाक, खोलीच्या नको.

खारू


१३ जुलै

खारू,

आधी त्या दाराचं बघ. सरकारी कामात दारं अशीच असतात, कुणाचा तरी हात जाईपर्यंत बिजागरी कुणी बघत नाही. लेखी तक्रार कर, प्रत स्वतःकडे ठेव. मनगट शेक. तुझा तो कलाकार रोज तिथं येतो ना? मग त्यालाच सांग, पेट्या करतोस तसं दारही कर म्हणावं.

आता राजीनाम्याचं. मी चिडलेय, त्यामुळे थोडक्यात लिहिते. ही नोकरी तुला कुणी आंदण दिलेली नाही. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा मिळवलीस. तेव्हा माझ्या खोलीत जमिनीवर बसून रक्तगटांचे तक्ते पाठ करत होतीस आणि मी प्रूफं बाजूला ठेवून तुला प्रश्न विचारत होते. मला अजून ते तक्ते येतात. आणि आता एका माणसाला जेवण जात नाही म्हणून ते सगळं सोडायचं? त्याला पोटाच्या डॉक्टरकडे ने.

राजीनामा देऊ नकोस. विनंती समज, आज्ञा समज, काय हवं ते समज.

मावशी


२४ जुलै

मावशी,

दार नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी शीतगृहात जाऊन खूप हसले आणि मग रडले. बिजागरी चांगली आहे. एका डॉक्टरांनी मला 'शाबास' म्हटलं ते त्याने ऐकलं आणि खोलीवर आल्यावर मनगट धरलं. धरून ठेवलं. किती वेळ ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पाच बोटं निळी उमटली होती.

पण मावशी, तू लगेच पदर खोचून उभी राहू नकोस. नंतर तो जमिनीवर बसून रडला. अगदी लहान मुलासारखा. तू चौथा भाग तपासलायस, पान १४२ काढ. सरदार तिचं मनगट धरतो आणि पाच बोटं उमटतात. ती त्या खुणांकडे बघते. पुढच्याच ओळीत तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं आहे. पुढच्याच ओळीत, मावशी! मी ते पान इतक्यांदा वाचलंय की पुस्तक तिथंच उघडतं. तेव्हा वाटायचं, प्रेम असं असतं, मध्ये वेळ जातच नाही. मला मात्र अख्खा दिवस राग होता. मला वाटलं, माझ्यातच काही कमी आहे. मग मीही त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

आता बरं चाललंय. आईला यातलं काही सांगायचं नाही. ३१ चं ठरलेलंच आहे.

खारू


२७ जुलै

खारू,

हे पत्र बसून वाच.

मी पान १४२ काढलं. काढायची गरज नव्हती. ते पान मी केलंय.

पुस्तक सोळा सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात. चौथा भाग बारा फर्म्यांत, म्हणजे एकशे ब्याण्णव पानांत बसायला हवा होता, आणि भरत होता एकशे शहाण्णव. चार पानांसाठी तेरावा फर्मा घालायचा आणि बारा पानं कोरी सोडायची, हे प्रकाशकाला परवडणारं नव्हतं. 'बाई, चार पानं काढा,' म्हणाले. हे काम मी नेहमीच करते. जिथं काही घडत नाही अशी जागा शोधायची आणि उडवायची. मला ती जागा १४२ वर सापडली.

त्या दोन ओळींच्या मध्ये चार पानं होती. ती पोर मनगट घेऊन बहिणीकडे निघून जाते. चार दिवस बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून असते. मटार सोलते. त्याच्याशी बोलत नाही. तो खिडकीखाली येतो, ती खिडकीशी जात नाही. एवढंच. कुणी चावत नाही, कुणी उडत नाही. मी समासात लिहिलं, 'कथानक थांबलंय', आणि चारही पानांवर तिरकी रेघ मारली. तो भाग आठ हजार छापला. आठ हजार घरांत त्या मुलीने पुढच्याच ओळीत त्याचं डोकं मांडीवर घेतलंय, आणि त्यातलं एक घर तुझं निघालं.

चार वर्षं मी त्या पुस्तकांना नाकं मुरडतेय. घाणेरडी, किळसवाणी, म्हणतेय. त्यातलं सगळ्यात घाणेरडं पान माझ्या हातचं आहे.

काल लेखिकाबाईंकडे गेले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, हस्तलिखित शिपाई आणायचा. दोन शिलाई मशीनं, भिंतीला लागून कपड्यांचे ढीग, आणि बाईंच्या तोंडात टाचण्या. पंचावन्नच्या असतील. मी चार पानांचं विचारलं. त्यांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि मग म्हणाल्या, "त्या चार पानांसाठी तर चौथा भाग लिहिला होता. बाकीचं सगळं तुमच्या प्रकाशकांना हवं म्हणून."

मी म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही शिकलेल्या. मला वाटलं, तुम्हाला कळत असेल."

मी पाणीसुद्धा न पिता उठले. मूळ कागद त्यांनी जपून ठेवले होते, त्यांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. वाच. तुला अख्खा दिवस राग होता तो बरोबर होता. तुझ्यात काही कमी नव्हतं, पुस्तकात होतं.

३१ ला राजीनामा देऊ नकोस. ३१ पर्यंत तुझं काही आलं नाही तर मी येतेय.

मावशी


३ ऑगस्ट

(रक्तपेढीच्या शिपायाजवळ ठेवलेली चिठ्ठी)

खारू, मी येऊन गेले. खोलीला कुलूप आहे. घरमालक म्हणतात, ३० तारखेला बॅग घेऊन गेली, कुठं ते सांगितलं नाही. इथले साहेब म्हणतात, रजेवर आहे आणि राजीनामा आलेला नाही. तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही, पण आता किती दिवस लपवता येईल माहीत नाही. कुणाबरोबर गेलीस ते तरी कळव. एक ओळ लिही. अक्षर कसंही असू दे.

मावशी


१९ ऑगस्ट

मावशी,

मी कंडक्टरणीकडे आहे. एकटी गेले, कुणाबरोबर नाही. तो गोदामाचं काम बघायला दोन दिवस बाहेरगावी गेला होता, त्या वेळात निघाले. तिने दार उघडलं, मला बघितलं, मनगट बघितलं आणि म्हणाली, "आधी जेवून घे, माफी नंतर माग." मी अजून मागतेय.

राजीनामा दिला नाही. दुसऱ्या रक्तपेढीत बदली मागितली होती, ती काल मिळाली. पाकिटावर जो पत्ता आहे तो कुणालाही देऊ नकोस, आईलासुद्धा. ती त्याला देईल, चांगल्या मनाने देईल.

तुझी चार पानं मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचून तुझा इतका राग आला की कागद चुरगाळला. दुसऱ्यांदा त्या मटारांवर रडले. तिसऱ्यांदा शेवटची ओळ नीट वाचली. मावशी, पाचव्या दिवशी ती परत जाते. तुझ्या लक्षात आलं का? का जाते ते बाईंनी लिहिलेलंच नाही. 'पाचव्या दिवशी तिने चपला घातल्या' एवढंच. तू पानं कापली नसतीस तरी ती गेलीच असती. मी खूप विचार केला, का गेली असेल? आणि मग पुस्तक उलटं केलं, तर मागच्या कव्हरवर पाचव्या भागाची जाहिरात. गेली नसती तर पुढचा भाग कसा आला असता?

तेव्हा तू स्वतःला फार खाऊ नकोस. थोडं खा. पण मला काही पाचवा भाग छापायचा नाहीये. मी कशाला परत जाऊ?

मनगट बरं आहे. त्याची आठवण येते. हे लिहायची किळस वाटते, पण तुझ्यापासून आता काही लपवणार नाही असं ठरवलंय. येते आठवण. फुटपाथवर कुणी उभं दिसलं की आधी छातीत आनंदच होतो, भीती मागून येते. हे कधी उलटं होईल?

खारू


२६ ऑगस्ट

खारू,

तुझा पत्ता मी पाठ केलाय आणि पाकीट फाडून टाकलंय. हे पत्र घराजवळच्या पेटीत न टाकता बसने जाऊन लांबच्या पोस्टात टाकेन. कारण काल दुपारी तो आला होता.

तुझ्या आईनेच माझा पत्ता दिला असणार. बेल वाजली, मी दार उघडलं. आता मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकी वर्षं सरदाराची वर्णनं वाचून माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी उंच, गोरा, काळ्या कोटातला होता. दारात एक किरकोळ माणूस, खांद्यावर हत्यारांची पिशवी, नाक सर्दीने लाल. मी म्हटलं, कोण पाहिजे? त्याने नाव सांगितलं, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आत येऊ का, मावशी?"

खारू, माझ्या तोंडात 'या' आलंच होतं. दारात आलेल्या माणसाला मी जन्मात दुसरं काही म्हटलेलं नाही. मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा मी आधी बसवते. लेखिकाबाईंनी सगळ्या भागांत एक नियम कसोशीने पाळलाय, तो म्हणजे घरातल्याने 'ये' म्हटल्याशिवाय सरदाराला उंबरा ओलांडता येत नाही. मला तो नेहमी पोरकट वाटायचा. काल कळलं, कसला अवघड नियम आहे तो.

मी म्हटलं, "नाही."

त्याला ते ऐकूच आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, पाचच मिनिटं, पाणी तरी द्या. मी पुन्हा म्हटलं, नाही. ती कुठं आहे एवढंच सांगा. नाही. मग तो रडायला लागला. ते नाटक नव्हतं, नाक-डोळे एक झाले होते. म्हणाला, मी कितीही वर्षं थांबेन, तिला एवढाच निरोप द्या. आणि मला त्याची दया आली. मला! सगळं माहीत असून, तुझं पत्र आतल्या टेबलावर असून, दया आली, पाणी आणून द्यावंसं वाटलं. सहा भागांत आली नव्हती एवढी किळस मला त्या दयेची आली. याच्याच जोरावर तो आजवर प्रत्येक दारातून आत गेला असणार.

मी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. तो पाऊण तास जिन्यात बसून होता. मधून मधून "मावशी" म्हणायचा, माझ्या उजव्या कानाला कळेल एवढ्याने. मी प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत होते, आणि शेवटी शेवटी माझा आवाज मलाच ऐकू येईना. तो गेला तेव्हा मी तिथंच जमिनीवर बसले.

एकोणसाठ वर्षांची बाई, मध्ये जाड दार, आतून कडी, बाहेरचा माणूस माझा कुणी नाही, आणि तरी तो पाऊण तास मला पुरून उरला. तू तर त्याच्याबरोबर एका खोलीत होतीस, आणि तुला तो आवडत होता. तू कशी निघालीस गं?

मावशी